काळं रबर, हिवाळी मराठी

परवा कॉलेजातून परतताना रस्त्याच्या कडेला अवरेकायचे ढीग दिसले. म्हैसूरला थंडी आली हे आधी अवरेकाय सांगते. एरवी इथली थंडी ती काय, पहाटे खिडकी लावून घ्यावी एवढीच. आपल्याकडच्या पावट्याची ही बहीण. शेंगांना तेलकट, हिरवा, थोडा उग्र वास असतो. हाताला लागला की साबणानेही जात नाही. या दिवसांत दुपारी घरोघरच्या पायऱ्यांवर बायका सुपं घेऊन बसतात. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा, साल मागे राहते आणि दाणा टुणकन उडतो. सगळ्या गल्लीला तो वास लागतो.

मी गाडी थांबवली. शेंगा विकणाऱ्या बाईने तराजूत भरताना विचारलं, "मनेलि एष्टु जना?" घरात किती माणसं? मी म्हटलं, "ओब्बळे." एकटीच. तिने दोन मुठी उचलून परत ढिगात टाकल्या. एकटीला तेवढ्या कशा संपणार, हे तिला माझ्याआधी कळलं.

घरी येऊन शेंगा सोलायला बसले आणि काही वर्षांपूर्वीचा तो हिवाळा बोटांना लागलेल्या वासातूनच वर आला.

अविनाश, माझा नवरा, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात नाशिकला गेला होता. आम्ही म्हैसूरला आलो ते त्याच्या नोकरीमुळे. पुढे त्याच्या कंपनीने इथलं युनिट बंद केलं आणि त्याला नाशिकला जागा दिली. नेमकी त्याच सुमाराला मी मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाची कायम प्राध्यापिका झाले होते, कितीतरी वर्षं तात्पुरती म्हणून काढल्यावर. "एक-दोन वर्षं बघू," असं दोघंही म्हणालो. मूलबाळ नाही, त्यामुळे कुणाच्या शाळेचा प्रश्न नव्हता. आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान फोनवर बोलायला विषय असता. रोज संध्याकाळी फोन यायचा. "जेवलीस?" "हो. तू?" "हो. थंडी आहे इथे." "असेल." मग कुणीतरी "चल, ठेवतो" म्हणायचं.

सरस्वतीपुरमच्या त्या भाड्याच्या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. दिवसभर इंग्रजीत शिकवायचं, मोडक्या कानडीत भाजी घ्यायची, गॅसवाल्याशी हिंदीत वाद घालायचा. एका रविवारी चालताना टेबलाचा कोपरा पायाला लागला आणि मी "आई गं!" म्हणाले. त्या दिवसातलं माझं तेवढंच मराठी.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलींचे प्रकल्प माझ्याकडे होते. मुलींनी आपापले गट आधीच पाडले होते. कुठल्याच गटात नसलेल्या दोघी उरल्या, म्हणून त्यांचा एक गट झाला. एक रश्मी जाधव. लष्कर मोहल्ल्यात वडिलांचं ट्रंका-पेट्यांचं दुकान. पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, अर्थात कानडीची फोडणी घालून. बडबड एवढी की कुठल्याच गटाने तिला घेतलं नव्हतं. दुसरी देचेन. बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतली, हॉस्टेलवर राहणारी. वर्गात शेवटच्या बाकावर खिडकीशी बसायची. तीन वर्षांत तिचा आवाज मी हजेरीला "प्रेझेंट" म्हणण्यापुरताच ऐकला होता.

रश्मी मला एकदा प्रयोगशाळेत म्हणाली होती, मराठीतच, म्हणजे देचेनला कळणार नाही अशा समजुतीने, "मॅडम, हिच्याबरोबर कसं करू मी? लई गर्व आहे हिला. विचारलं तर नुसतं हसते, अष्टे, एवढंच." मी म्हटलं, "असू दे गं. काम तर नीट करते ना." देचेन शेजारीच उभी राहून तारांची टोकं सोलत होती.

मी त्यांना ग्राफीन दिलं. महागड्या यंत्राशिवाय हाताने करून बघता येईल असं काहीतरी मला हवं होतं. पहिल्या दिवशी समोर फक्त जाड पेन्सिली, कागद आणि मल्टिमीटर ठेवला. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे शिसं नव्हेच, ग्रॅफाइट. कार्बनच्या अणूंची जाळी, पापडांच्या चवडीसारखी एकावर एक रचलेली. त्यातला एकच पापड सुटा काढला तर तो ग्राफीन: एका अणूएवढा जाड, आणि वीज त्यातून फार सहज धावते. हे सगळं पुस्तकात असतंच. पण पेन्सिलीने कागदावर घासून घासून काळी पट्टी केली, मल्टिमीटरच्या दोन सुया तिच्यावर टेकवल्या आणि आकडा हलला, तेव्हा दोघीही पुढे वाकल्या. सुया जवळ आणल्या की रोध कमी, लांब नेल्या की जास्त. पट्टी आणखी गडद केली की पुन्हा कमी.

रश्मीने लगेच कागदभर रांगोळी काढली, पेन्सिलीच्या एकाच जाड रेघेची, ठिपक्यांभोवती वळणारी. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला इवलासा एलईडी दिवा. दिवा लागेना. "अय्यो, बिघडलाय दिवा," ती म्हणाली. दिवा ठीक होता. देचेनने मल्टिमीटर ओढून घेतला आणि रेघेवरून सुई एकेक वळण पुढे नेत गेली. एका ठिपक्यापाशी आकडा गायब झाला. तिथे रेघ केसाएवढी तुटली होती, डोळ्यांना दिसतही नव्हती. तिने रश्मीच्या हातातली पेन्सिल घेतली, ती जागा गिरवली, आणि दिवा लागला, अगदी मंद, लालसर. रश्मीने टाळी वाजवली. देचेन हसली. रश्मी म्हणायची ते हेच हसणं, पण मला त्यात गर्व दिसला नाही.

मग चिकटपट्टीचे दिवस आले. ग्रॅफाइटचा चकाकता तुकडा पट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडायची, उघडायची. थराचे दोन भाग होतात. पुन्हा दुमडायची, पुन्हा उघडायची. शेवटी धुरकट सावलीसारखं काहीतरी पट्टीवर राहतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे काही कण इतके फिकट दिसायचे की असल्याची शंका यावी. "हे एकच थर आहे का मॅडम?" रश्मीने विचारलं. मी खरं ते सांगितलं: एक आहे की दहा, हे ठरवायचं यंत्र आपल्याकडे नाही. तिचा चेहरा पडला. देचेनने मात्र डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढला नाही. त्या दुपारी बाहेर पटांगणात कुणीतरी खो-खो खेळत होतं, आत फक्त पट्टी सुटण्याचा चर्र आवाज. मला तो आवडायला लागला होता. घरी जायची घाई नसलेल्या माणसाला असले आवाज आवडतात.

हाताने एकेक थर काढून पुरेना, म्हणून मिक्सर आला. पाण्यात ग्रॅफाइटची पूड आणि भांडी घासायचा साबण घालून मिक्सर जोरात फिरवला की थर एकमेकांवरून घसरून सुटे होतात. कॉलेजात मिक्सर कुठला? मी घरचा उचलून आणला, लग्नातला. अविनाश गेल्यापासून तो ओट्यावर नुसताच बसून होता. एका माणसाच्या चटणीला कोण मिक्सर लावतं? भांडं काळं झालं, पुन्हा कधी स्वयंपाकात घेता येणार नाही असं काळं. त्या संध्याकाळी मी फोनवर सांगितलं, "मिक्सर प्रयोगशाळेत दिला." अविनाश म्हणाला, "आपला?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "बरं." त्या "बरं"चा मी बराच वेळ विचार केला.

काळं पाणी निवळलं, वरचं करडं पाणी गाळलं, वाळवलं, त्याची भुकटी झाली. ती एका द्रावकात कालवून त्यात रबराच्या पट्ट्या फुगवल्या. रबर फुगलं की ग्राफीनचे कण आत शिरतात, सुकलं की तिथेच अडकतात. असं रबर वीज वाहून नेतं, आणि ताणलं की कण एकमेकांपासून सुटतात, रोध चढतो. निदान तसं व्हायला हवं होतं. आमची पट्टी मेल्यासारखी पडून होती. आकडाच नाही. दुसरी केली, तीही तशीच. रश्मी म्हणाली, "मत्ते मत्ते, परत परत तेच. सोडा मॅडम, दुसरा प्रोजेक्ट घेऊ." मलाही काही सुचेना. देचेनने भुकटी दोन बोटांत चोळली, बोटं पाण्याखाली धरली आणि मला दाखवली. फेस. साबण अजून आतच होता, प्रत्येक कणाभोवती, आणि साबणातून वीज जाईना. मग धुण्याचा आठवडा. गाळायचं, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा धुवायचं. नाताळच्या सुट्टीआधी एका दुपारी रश्मीने नव्या पट्टीला सुया लावल्या, पट्टी ओढली, आकडा सरसर वर चढला; सोडली, खाली आला. ती ओरडली नाही, हे विशेष. हळूच म्हणाली, "आयतु." झालं.

आता ती पट्टी कशाला लावायची? बोटाला लावली: बोट वाकवलं की आकडा हलतो. मनगटावर लावली तर लॅपटॉपच्या पडद्यावर नाडीचे बारीक उंचवटे दिसले. मग रश्मीच्या डोक्यातून निघालं, "गळ्याला लावू या. बोलताना गळा हलतोच की." तिने स्वतःच्या गळ्यावर डॉक्टरी चिकटपट्टीने रबर बसवलं आणि कानडीत, मराठीत, इंग्रजीत जे तोंडाला येईल ते बोलली. पडद्यावर रेघ नाचली. मग ती देचेनला म्हणाली, "आता तू. टिबेटनमध्ये बोल काहीतरी."

देचेनने पट्टी लावून घेतली. थोडा वेळ रेघ सपाट राहिली. मग तिने श्वास घेतला आणि एका वेगळ्याच, हेल काढलेल्या, मोठ्या आवाजात म्हणाली:

"घ्या ना ताई, हात लावून बघा, एकदम मऊ! धुतलं तरी गोळे येणार नाहीत! दुसरा रंग दाखवू?"

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आपटली. मी उभी होते ती स्टुलावर बसले.

"देचेन, तुला मराठी येतं?"

"थोडं येतं मॅडम," ती म्हणाली. आवाज पुन्हा लहान झाला होता. "थंडीतलं."

तिची आई पेमा दर हिवाळ्यात स्वेटर विकायला नाशिकला जायची. वडील देचेन लहान असतानाच गेले. शाळेत घालेपर्यंत आणि नंतर हिवाळ्याच्या सुट्टीत देचेन आईबरोबर असायची, मैदानाच्या कुंपणाला लागून मांडलेल्या स्टॉलवर, लोकरीच्या गठ्ठ्यांमध्ये. तिथेच ती मराठी शिकली, गिऱ्हाइकांच्या तोंडून. नाशिक हे नाव ऐकून मी काही बोलणार, तेवढ्यात रश्मीचा चेहरा पांढरा पडलेला दिसला.

"म्हणजे आम्ही बोलत होतो ते सगळं..."

"समजत होतं," देचेन म्हणाली. मग गळ्यावरची पट्टी सोडवत, "गर्व नाही गं. शब्द कमी आहेत."

ते "गं" तिने कुठून उचललं होतं कोण जाणे, कदाचित माझ्याकडूनच. रश्मी त्या दिवशी वही उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी येताना तिने मोगऱ्याचा गजरा आणला आणि न विचारताच देचेनच्या आखूड केसांत खोचायला लागली. तो राहीना. शेवटी मल्टिमीटरच्या तारेला असते तसली छोटी चिमटी लावून तिने तो बसवला.

मी दोघींना घरी जेवायला बोलावलं. अवरेकाय सोलायला घेतल्या, जमिनीवर पेपर पसरून. देचेन उंबऱ्याशी थांबली होती. म्हणाली, "मी मराठी घरात कधी गेले नाही. दुकानापर्यंतच." मी तिला हात धरून आत आणलं.

त्या दुपारी मला कळलं की आम्ही तिघी तीन वेगळ्या मराठी बोलतो. देचेनला रंग सगळे यायचे, अगदी मोरपंखी आणि राणीपर्यंत. मापं, ऊब, थंडी, घासाघीस, उद्या या, शेवटचा पीस आहे. पण तिला उन्हाळ्यातलं काही येत नव्हतं. माठ, पन्हं, वाळा, उकाडा, काहीच नाही. मार्चच्या आत त्यांचं दुकान उठायचं. उशी, ताट, झोप, रुसणं हेही नाही. रश्मीकडे नेमकं तेच होतं: खरकटं, न्हाणी, निरांजन, आजोबांच्या शिव्या. बाहेरचं जग तिच्याकडे सगळं कानडीत होतं; मोरपंखीला ती "ते नविलु कलर" म्हणायची. माझ्याकडे सगळे शब्द होते आणि ते कुणाला देता येत नव्हते. त्या दोघी एकमेकींना शब्द विचारत राहिल्या आणि अडलं की माझ्याकडे बघायच्या. मी एवढं बोलले की संध्याकाळी घसा दुखायला लागला. त्या गेल्यावर घर आधीपेक्षा जास्त गप्प वाटलं. ताटं घासताना मी मोठ्याने "मोरपंखी" म्हणून पाहिलं. तो शब्द स्वयंपाकघरात कुठेच टेकला नाही.

संक्रांत झाली आणि एका सकाळी देचेन प्रयोगशाळेत न येता माझ्या केबिनच्या दाराशी आली. आई स्टॉलवर गठ्ठा काढताना स्टुलावरून पडली, मनगट मोडलं. स्टॉलवर दुसरं कुणी नाही. तिला जायला हवं होतं. प्रकल्पाचं सादरीकरण तोंडावर आलेलं.

"जा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "तू पोचेपर्यंत तिथे कुणीतरी पाहिजे ना पण?"

मी अविनाशला ऑफिसच्या वेळेत फोन केला. असा मी कधी करत नसे. तो म्हणाला, "मी? मी तिथे जाऊन काय करू?" मी म्हटलं, "बघून तरी ये."

त्या संध्याकाळी फोन आला तो "जेवलीस?"ने सुरू झालाच नाही. "अगं, तिला एका हाताने घड्याही घालता येत नाहीत. मी घातल्या. माझ्या घड्या बघून ती हसली. आणि माणसं काय घासाघीस करतात गं! एका बाईने एक कानटोपी घ्यायला सगळ्या टोप्या माझ्या डोक्यावर घालून बघितल्या." तो बोलत राहिला. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. गेल्या वर्षभरात आम्ही सलग एवढं बोललो नव्हतो, आणि तरी त्यात आमच्याबद्दल एक शब्द नव्हता.

देचेन पोचली, तरी तो जात राहिला. रोज ऑफिस सुटलं की स्टॉलवर. मला वाटलं होतं, एक-दोन दिवस जाईल.

देचेनने जाताना ग्राफीनची एक पट्टी आणि कॉलेजचा एक मल्टिमीटर बरोबर नेला होता, माझ्या सहीने. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल लावला. प्रयोगशाळेत मी आणि रश्मी. पडद्यावर लोकरीचे ढीग, पिवळा दिवा आणि प्लास्टरमधून बाहेर आलेली पेमाची बोटं. एका बोटावर आमचं काळं रबर. डॉक्टरांनी बोटं हलवत राहायला सांगितली होती. पेमाला दुखायचं, ती टाळायची. आता देचेन आकडा वाचून दाखवत होती आणि पेमा आकडा वाढावा म्हणून बोट आणखी वाकवत होती. "अजून! अजून!" रश्मी इकडून ओरडत होती. मागून मराठीत एक पुरुषी आवाज आला, "वा, आज काल्च्यापेक्षा जास्त!" "काल्च्या" हा शब्द असा फक्त अविनाशच म्हणतो. फोन तोच धरून उभा होता. पडद्याच्या कडेला त्याचा अंगठा दिसत होता. मग त्याने फोन वळवला. माकडटोपी, त्यात चष्मा. "अगं, दिसतोय का मी?" त्याच्या मागे पेमा हसत होती, देचेन हसत होती, एक गिऱ्हाईकही उगाचच हसत होतं.

"दिसतोस," मी म्हणाले.

कॉल संपला. रश्मी बस पकडायला पळाली. माझ्यासमोर लॅपटॉपचा काळा पडदा, करड्या पाण्याचं चंचुपात्र, सुकत ठेवलेल्या पट्ट्या. मी शिकवलेलं सगळं तिकडे चाललं होतं. माझी विद्यार्थिनी, माझं रबर, माझा नवरा, माझी भाषासुद्धा, सगळं नाशिकच्या एका कुंपणाशी पिवळ्या उजेडात जमलं होतं, आणि त्यांना एकत्र आणणारी मी तेवढी इथे होते. हेवा म्हणावा तर कुणाचा? मी पट्ट्या उचलून डब्यात ठेवल्या, दिवे घालवले आणि पायऱ्या उतरले.

सादरीकरण रश्मीने एकटीने केलं. परीक्षकांनी विचारलं, हे शुद्ध एकथरी ग्राफीन आहे का? ती म्हणाली, नाही सर, हे थोडे-थोडे थर आहेत, नक्की किती ते मोजायची सोय आमच्याकडे नाही. पण ताणलं की काय होतं ते दाखवते. देचेनला विभागाने नंतरची तारीख दिली. आज ती दुसऱ्या गावी एम.एस्सी. करते आणि रश्मी शाळेत विज्ञान शिकवते, तीच रांगोळी काढून, असं तिनेच फोनवर सांगितलं. अविनाशने त्या हिवाळ्यात मला नाशिकच्या एका कॉलेजातली जागा सुचवली होती. मी "सादरीकरण होऊ दे" म्हणाले, आणि ते झालं तोवर जागा भरली गेली. आजही आम्ही दोन गावांत राहतो. सुट्टीत कधी तो येतो, कधी मी जाते.

पण त्या हिवाळ्याचा शेवट सांगायचा राहिला. फेब्रुवारीच्या शेवटी नाशिकचा स्वेटरबाजार उठला, देचेन आईला घेऊन परत आली आणि त्यांच्या लोसारला, नव्या वर्षाला, तिने मला बैलकुप्प्याला बोलावलं. मी बसने गेले. मक्याची रिकामी शेतं, वाऱ्यात फडफडणाऱ्या रंगीत पताका, घरात तळणीचा वास. पेमाचं प्लास्टर निघालं होतं. तिने लोण्याचा खारट चहा दिला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. देचेन आत पाहुण्यांचं बघत होती.

"साहेब नाही आले?" पेमाने विचारलं, तिच्या बाजारातल्या मराठीत.

"नाही. रविवारची एकच सुट्टी, त्यात येणं-जाणं जमत नाही त्याला."

"साहेब लय चांगले. रोज येणार, बसणार, तुमची गोष्ट सांगणार."

"माझी?"

"रोज. म्याडम कॉलेजातून आले ना, तर आधी बोलत नाही. अर्धा तास नुसतं बसते, अंधार झाला तरी लाइट लावत नाही. साहेब म्हणाले, मी आत जात नाही तेव्हा. त्यांना शांत पाहिजे असतं. मी बाहेर खुर्चीवर बसतो, पेपर धरून. पेपर वाचत नाही. आत लाइट लागला की मग चहा ठेवतो." पेमाने माझा कप पुन्हा भरला. "साहेब म्हणाले, आता घरी कुणाचा लाइट लागायची वाट बघू? म्हणून तुमच्या स्टॉलवर येऊन बसतो."

इतकी वर्षं मी त्या अर्ध्या तासात एकटी बसते असं समजत होते. तो पलीकडे टीव्हीसमोर असेल, असं गृहीत धरून. चहा मात्र रोज वेळेवर यायचा, तो कसा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बसमध्ये कुणी कानडी गाणी लावली होती. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता, आमच्या फोनची वेळ झाली नव्हती. मी अविनाशला फोन लावला.

"काय झालं?" त्याने घाईने विचारलं.

"काही नाही."

"मग आत्ता कसा केलास?"

"असाच. तू काय करतोयस?"

"भात लावलाय." तो गोंधळला होता. "खरंच काही झालं नाही ना?"

"नाही रे. पेमाकडून निघाले. वेळ आहे तुला?"

तिकडे कुकरची शिट्टी झाली. "थांब," तो म्हणाला, "गॅस बंद करून येतो." फोन कुठेतरी ठेवल्याचं ऐकू आलं, मग त्याच्या चपला, मग बटणाचा टक् आवाज. मग तो परत आला, आणि फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हं," तो म्हणाला, "बोल."